दळणाचा डबा नंबरात

आमच्या सोसायटीतली सातवीतली एक मुलगी मध्यंतरी वही-पेन घेऊन माझ्याकडे आली. शाळेचा प्रकल्प होता, 'आजीचे बालपण'. प्रश्न तिनं लिहूनच आणले होते. कोणते खेळ खेळायचात, सण कसे साजरे करायचात, आईला घरकामात कशी मदत करायचात. मी सांगत गेले. सागरगोटे, फुगड्या, हादगा, उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडया राखणं. ती सुवाच्य अक्षरात लिहीत गेली. शेवटचा प्रश्न होता, 'तुम्ही कधी खोड्या केल्या का?' मी म्हटलं, "नाही गं, आमच्या वेळच्या मुली तशा नव्हत्या." तिनं तेही लिहून घेतलं. प्रकल्पाला चांगला शेरा मिळाला म्हणे.

माझं वय अडुसष्ट. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा, सून, नात बाणेरला. एकटी राहते म्हटलं की लोक आधी हळहळतात आणि मग दिवसभर काय करता असं विचारतात. पहाटे साडेपाचला जाग येते, ती काही योगसाधनेनं नव्हे, सवयीनं. चहा, पेपर, शब्दकोडं. कोड्यात अडलं की दुपारपर्यंत तसंच ठेवते, उत्तरं बघत नाही. सकाळच्या हास्यक्लबला काही दिवस गेले, पण हुकमावर हसणं जमेना. तिथल्या बायका चांगल्या होत्या, हसून झाल्यावर बोलायच्या ते ऐकण्यासारखं असायचं. त्यासाठी आधी अर्धा तास हात वर करून 'हा हा' करायचं, हा व्यवहार मला महाग वाटला.

एका माणसाचा स्वयंपाक हा सगळ्यात कंटाळवाणा प्रकार. एवढ्याशा भाजीला फोडणी ती केवढी करायची? मोहरी मोजून टाकायची का? एका माणसाची आमटी कधी आमटीसारखी लागत नाही. म्हणून मी दोन दिवसांची करते आणि दुसऱ्या दिवशी शिळं खाऊ नये म्हणून फोनवर मुलाचं ऐकते. मग दुपार. दुपारबद्दल सांगायचं तर मला वाईला जावं लागेल.

माझं माहेर वाईचं, मधल्या आळीतलं. वडील शाळेत शिक्षक, म्हणून मी गावाला 'मास्तरांची'. तेव्हा मुलींना आपापली नावं असली तरी ती शाळेच्या हजेरीपुरती. माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, एक 'कंपाउंडरांची' आणि दुसरी 'पोस्टातली'. आम्ही तिघी 1974 च्या अकरावी मॅट्रिकच्या. पुढच्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा बरोबरच झाली, आणि अकरावी मॅट्रिक हा प्रकार संपला.

आमच्या आळीतली मुलगा नावाची जात घराबाहेर पडायची तेव्हा तिला कारण लागत नसे. "कुठं रे?" "हितंच." भागलं. मुलीला मात्र काम लागायचं. दूध, दळण, देऊळ, शिवणाचा क्लास, आजीला कीर्तनाला पोचवणं. काम झालं की माघारी. म्हणजे आमच्या हातात उरायचा तो फक्त कामाला खरा लागणारा वेळ आणि आम्ही घरी सांगितलेला वेळ यांच्यातला फरक. तेवढ्या फरकात आम्ही जे काय केलं ते केलं.

दळण हे त्यातलं सर्वोत्तम काम. गिरणीत डबे ओळीनं लावलेले असत, झाकणावर ऑइलपेंटनं घराची नावं. डबा नंबरात ठेवला की माणसाचं काम संपलं. गिरणीवाले दादा पायानं एकेक डबा पुढं सरकवत न्यायचे. मध्येच पट्टा सुटायचा, वीज जायची, किंवा कुणाचं तरी हरभऱ्याचं दळण मध्ये यायचं आणि जातं साफ होईपर्यंत गव्हाची मंडळी थांबून राहायची. आईची सक्त ताकीद, "गव्हावरच गहू टाक म्हणावं." ही ताकीद आमच्या फार उपयोगी पडली. त्यात 1972 चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेचा मिलो यायला लागला, ती लालसर ज्वारी. मिलोच्या मागं आपलं दळण पडू नये म्हणून घरोघरच्या बायका धास्तावलेल्या. मग उशीर झाला की "मिलोवाले पुढं होते" एवढं म्हटलं की कुणाचा प्रश्न उरत नसे. दुष्काळानं माण-खटावकडच्या लोकांचे काय हाल केले ते आम्हाला पुढं समजलं. खडी फोडायला गेलेल्या आमच्या वयाच्या मुली होत्या. आम्ही पंधरा वर्षांच्या, घरी नदी, आणि आम्हाला मिलोचा उपयोग हा एवढाच ठाऊक.

डबा नंबरात आणि आम्ही घाटावर. दुपारी दोन ते चार वाई झोपायची. कृष्णेवर धोमचं धरण व्हायच्या आधीची ती नदी, वैशाखात डोहापुरती उरलेली. पोहायला आम्हाला लहानपणी पाठीला डबा बांधून घरच्यांनीच शिकवलं होतं आणि मोठ्या झाल्यावर घरच्यांनीच बंद केलं होतं. हात-पाय तेच, पाणी तेच, पण आता नाही. याचं कारण कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, आम्ही फक्त दुपारी जाऊ लागलो. परकर कमरेला खोचून, पोलक्यासकट पाण्यात. कपड्यांची चिंता नव्हती, घाटाचा दगड असा तापलेला असे की त्यावर पालथं पडलं की पाठपोट सुकून जायचं. अडचण केसांची. ती कंपाउंडरांचीनं सोडवली. गिरणीत डोक्यावर पीठ बसतंच, तेव्हा परत जाऊन पाच मिनिटं जात्याशेजारी उभं राहायचं, केस पांढरे झाले की ओले दिसत नाहीत. युक्ती नामी होती. फक्त ओल्या केसांत पीठ गेलं की त्याची खळ होते, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्या रात्री मी मोरीत कंगवा घेऊन जे काही सोसलं ते सोसलं. दुसऱ्या दिवशी पोस्टातलीनं शाळेत डोक्याला रुमाल बांधला होता.

एरवीच्या गमती किरकोळ. बुधवारी रात्री आठला पोस्टातलीकडे 'एकत्र अभ्यास' असायचा, कारण तिच्याकडे रेडिओ होता आणि सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. अमीन सयानींचं "बहनों और भाइयों" ऐकताना भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडं असे. तासावर सायकल घेऊन मेणवलीला जाणं असायचं. नाना फडणवीसांचा वाडा बघायला नव्हे, घाटावरची ती पंचधातूची मोठी घंटा वाजवायला. मराठ्यांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथून ज्या घंटा आल्या त्यातली ही एक. ती एकदा वाजली की मेणवलीचं कुणीतरी "कोण आहे रं?" म्हणून ओरडायचंच.

चपलांची लग्नं मात्र सविस्तर सांगायला हवीत.

वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकेका घाटाची, एकेका आळीची कृष्णाबाई वेगळी आणि तिचे दिवसही वेगळे, त्यामुळे माघ-फाल्गुनात आज या आळीला तर पुढं त्या आळीला असा उत्सव चालूच राहतो. मांडव, कीर्तन, हळदीकुंकू, मोठी जेवणं. मुलींना रात्री बाहेर राहायला अधिकृत परवानगी मिळण्याचे वर्षातले हेच दिवस. कीर्तन रंगात आलं, बुवा पूर्वरंगातून उत्तररंगात शिरले, की आम्ही "पाणी पिऊन येतो" म्हणून उठायचो. मांडवाबाहेर चपलांचा ढीग. आमचं तत्त्व ठरलेलं होतं, काहीही चोरायचं नाही, काहीही लपवायचं नाही. फक्त जोड बदलायचे. वकिलांची कोल्हापुरी आणि गवळ्याची रबरी. मामलेदारांचा बूट आणि कुणा सुवासिनीची नवी कोरी चप्पल. पोस्टातली प्रत्येक जोडीला अंगठ्यानं चिमूटभर माती लावून "शुभमंगल सावधान" म्हणायची. मग आत येऊन निष्पाप तोंडानं आरतीला टाळ्या.

आरती झाली की खरं कीर्तन बाहेर. अख्खं गाव एक पाय वर धरून उभं. माणसं एकमेकांच्या पायांकडे बघतायत. जी माणसं एरवी एकमेकांच्या ओट्यावर बसली नसती ती "तुमचा डावा माझ्याकडं आलाय वाटतं" म्हणत एकमेकांसमोर वाकलेली. मामलेदारांनी कंदील मागवला. आमच्या आजीनं कुणाचीतरी चप्पल नाकाशी धरून "ही आपल्या आळीची नव्हे" असा निकाल दिला तेव्हा कंपाउंडरांचीला हसू आवरेना, तिला खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करावं लागलं. तिचे वडील दवाखान्यातले, त्यांनी घरी नेऊन तिला कडू काढा पाजला. संशय सगळा मुलग्यांवर गेला. दोघा-तिघांना मारही बसला. मुलींवर कुणाचा संशय जात नाही, हे आमचं सगळ्यात मोठं भांडवल होतं आणि त्याचा आम्हाला तेव्हा थोडा अपमानही वाटायचा.

मग वाईजवळच्या बावधनचं बगाड. रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. कौल लागून ज्याची निवड होते तो बगाड्या उंच शिडाला टांगलेला, खाली बैलजोड्या, नदीकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत शेताशेतांतून ओढत नेतात. दरवर्षी आमचे भाऊ जाऊन यायचे आणि रात्री जेवताना वर्णनं करायचे. मुलींनी तिथं जायचं नाही, गर्दी असते. आम्ही शिवणाच्या क्लासला जादा तास आहे असं सांगितलं आणि चालत गेलो. बगाड मी पाहिलं ते बहुतेक माणसांच्या टाळक्यांमधून आणि गुलालातून, पण चाकांचा तो आवाज छातीत ऐकू येतो, तो भावांनी कधी सांगितला नव्हता.

आणि तिथं, पाच हातांवर, आमचे भूमितीचे सर. माझ्या वडिलांचे सहकारी, घरी येणं-जाणं असलेले. कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल. त्यांनी आम्हाला पाहिलं. आम्ही त्यांना पाहिलं. पळायला जागा नव्हती. पण आम्हाला सकाळीच वडिलांकडून कळलं होतं की सर तापानं फणफणलेत, आजारपणाची रजा टाकली आहे. हे आम्हाला माहीत असणार हे सरांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते शांतपणे वळले आणि पुन्हा "काशिनाथाचं चांगभलं" म्हणू लागले. दोन दिवसांनी ते वडिलांकडे आले तेव्हा मीच चहा नेला. "आता बरं आहे का सर?" मी विचारलं. "हो, उतरला," ते म्हणाले, "तुझं शिवण काय म्हणतंय?" त्या वर्षी त्यांनी आमच्या बाकाला कधी फळ्याशी यायला सांगितलं नाही.

पुढं लग्न झालं, बँकेत नोकरी लागली, मुलगा झाला. त्या चाळीस वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी तेव्हा विचारणाऱ्यांच्या बाजूला होते. मुलगा क्लासला पोचला का म्हणून क्लासवाल्यांना फोन करणारी आई मीच.

शेवटची काही वर्षं आई माझ्याकडे कोथरूडला होती. एकदा मी पिशवीतलं तयार पीठ परातीत ओतलं, तेव्हा तिनं त्यात हात घातला आणि म्हणाली, "हे कधी ऊन लागतं का गं हाताला?" मी म्हटलं, "नाही, कारखान्यातून येतं." ती म्हणाली, "तुझं पण यायचं नाही." मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. जात्यातून उतरलेलं पीठ गरम असतं. दोन तास नदीवर काढून घरी आणलेलं पीठ गार. आम्हालाही तेव्हा हे सुचलं होतं, म्हणून परतताना डबा घाटाच्या दगडावर तापवून न्यायचो. तसं मी तिला सांगितलं. "ठाऊक आहे," आई म्हणाली. "उन्हात ठेवलेल्या डब्याचं झाकण पोळतं आणि आतलं पीठ गार राहतं. दळणाचं पीठ मधोमध पोळतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू दळणाला गेलीस की मी पडायचे जरा. तू घरात असलीस की मला उठून काहीतरी करत बसावं लागायचं. तुला वळण लागावं म्हणून." आणि ती परातीकडे बघत म्हणाली, "पाणी जास्त झालं तुझं."

आता मुलगा विचारणाऱ्यांच्या बाजूला आहे. दोन वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये घसरले, मनगट मोडलं, तेव्हापासून हॉलमध्ये कॅमेरा आहे. मोबाइलमध्ये लाइव्ह लोकेशन चालू असतं, मी कुठं आहे ते त्याला नकाशावर ठिपक्यानं दिसतं. गोळ्यांची डबी वारांची. मनगटावर घड्याळ, ते पावलं मोजतं आणि रात्री तेही त्याला समजतं. त्याचं चुकत नाही. माझी आई एकटी राहत असती तर मीही हेच केलं असतं. पण भाजीला चार पावलं वाकडी पडली की "आई, तू मृत्युंजयेश्वराकडे काय करते आहेस?" असा फोन येतो, तेव्हा घशात जुनं उत्तर येतं, मिलोवाले पुढं होते.

पोस्टातली आता नाही. कंपाउंडरांची कर्वेनगरला राहते. तिची मुलगी अमेरिकेत, म्हणजे आपल्या दिवसभर ती झोपलेली. हे बळ मोठं आहे. आमचा बेत असा होता. मुलाला सांगायचं, मैत्रिणीकडे दिवसभर आहे, गौरीच्या पडद्यांना लेस लावायची आहे. तिच्या घरी जायचं, माझा मोबाइल आणि ते घड्याळ चार्जिंगला लावायचं, आणि तिचा फोन घेऊन दोघींनी निघायचं. चुकून फोन आलाच तर तिच्या यजमानांनी उचलायचा आणि "भाजीला गेल्यात, फोन इथंच राहिला" म्हणायचं. यजमान निवृत्त न्यायखात्यातले. त्यांनी दोनदा तालीम केली. तेव्हा डबा नंबरात असायचा, आता मोबाइल.

मेट्रोनं सिव्हिल कोर्टला उतरून खाली, तिथून स्वारगेट. स्वारगेटला वाईची लालपरी. 65 च्या पुढं ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट आहेच, आणि मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं. मी कंडक्टरला म्हटलं, "म्हातारी म्हणून अर्धं माफ, बाई म्हणून अर्धं माफ, दोन्ही धरून फुकट होतं की." तो आधार कार्ड बघत म्हणाला, "मावशी, फुकट पंचाहत्तरीला. सात वर्षं थांबा." कात्रजचा बोगदा, खंबाटकी, सुरूर फाटा. कंपाउंडरांची सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसली आणि माझ्या वाटच्या चकल्याही खाल्ल्या.

वाईत काही करायचं नव्हतं, आणि ती एक विचित्र गोष्ट निघाली. आळीत कुणी ओळखेना. "कुणाची गं तू?" विचारणारं एकही माणूस उरलेलं नाही. घाटावर भर दुपारी दोन बायका पाण्यात पाय सोडून बसल्या, कुणी बघितलंसुद्धा नाही. मला जरा रागच आला. चोरून आल्याची मजा होती ती कर्वेनगरात चार्जिंगला लावलेल्या त्या फोनमुळे. तो नसता तर ही नुसती सहल झाली असती.

ढोल्या गणपतीला गेलो. रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं देऊळ, मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. लहानपणी पूर आला की पाणी कुठवर चढलं ते बघायला आम्ही इथंच धावायचो. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर दारात दहा-पंधरा चपलांचे जोड. कंपाउंडरांचीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नको गं, वाकता येत नाही." ती म्हणाली, "वाकायचंय कुणाला?" आणि पायानंच एक सँडल सरकवून एका स्पोर्ट्सच्या बुटाशेजारी नेऊन ठेवली. एकच. मग दोन्ही गुडघ्यांच्या मानानं आम्ही जेवढं भरभर चालता येईल तेवढं भरभर रिक्षापर्यंत गेलो.

संध्याकाळी सातला घरी. मुलाचा फोन, "लेस झाली का?" झाली म्हटलं.

दोन दिवसांनी नात आली, नववीत आहे. ती माझ्या पलंगावर लोळत, फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, परवा तुझा ठिपका सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत जराही हलला नाही. आणि तुझी पावलं शून्य. माणूस बाथरूमला तरी जातो."

मी विचारलं, "बाबाला बोललीस?"

"वेडी आहेस का. कुठं गेला होतात?"

सांगितलं. वाई सांगितली, गिरणी, नदी, चपला, सगळं सांगितलं. सातवीतल्या त्या मुलीला सांगितलं नव्हतं ते सगळं. बगाडापाशी आल्यावर ती उठून बसली. मला पण यायचंय म्हणाली. मी म्हटलं, रंगपंचमीला असतं. तिनं कॅलेंडर उघडून बघितलं. त्या दिवशी क्लासची टेस्ट आहे. शिवाय दोघींचे फोन एकाच घरात दिवसभर न हलता दिसले तर बाबाला कळेल, हा मुद्दाही तिनंच काढला. तिचा तिच्या मैत्रिणीकडे राहील, ती तो दप्तरात घालून फिरवत राहील, असं ठरलं. आता प्रश्न फक्त टेस्टचा.

"ताप आला म्हणून चिठ्ठी दे," मी म्हटलं. "आणि बावधनला तुझे एखादे सर दिसले तर पळू नकोस. आधी ते काय कारण सांगून आलेत ते आठव."